बारा पन्नासचा रिकामा रस्ता

शुक्रवारी दुपारी बारा पन्नासला लालबागच्या सातेरी नाक्यावर राजरत्न गायकवाडची शाळेची व्हॅन पुढच्या टॅक्सीवर आदळली. ऊन लख्ख होतं, रस्ता कोरडा होता आणि त्या वेळी नाक्यावर मोजून चार वाहनं होती. व्हॅनमध्ये सात मुलं होती. सहा जणांना काही झालं नाही. सातवी पूर्वी परब, वय नऊ, पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटली आणि तिच्या समोरच्या दाताचा तुकडा पडला. टॅक्सीवाल्याने उतरून आपला बंपर पाहिला, दोन शिव्या दिल्या आणि तो निघून गेला. त्याचा नंबर कोणी घेतला नाही.

संध्याकाळी सातपर्यंत पालकांच्या ग्रुपवर सेहेचाळीस मेसेज पडले होते. ‘फोनवर असणार.’ ‘हल्ली सगळे रील बघत चालवतात.’ ‘रिकाम्या रस्त्यावर गाडी ठोकतो म्हणजे काय?’ शेवटी पूर्वीची आई रुपाली हिने लिहिलं: मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी सातेरीच्या देवळासमोर भेटायचं आणि दुसरी व्हॅन ठरवायची. त्यावर पंधरा अंगठे आले.

“मंगळवारपर्यंत कोणाला दोष देऊ नकोस,” तिच्या सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुमच्या नातीचा दात गेलाय.”

“दाताचा तुकडा गेलाय. तो कसा गेला, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.”

कालिंदी परब एकसष्ट वर्षांच्या. फोर्टातल्या एका विमा कंपनीत मोटार विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. दावा मागणाऱ्यांच्या अर्जात एक रकाना असे, ‘अपघात कसा घडला’. त्यात दहातले आठ जण लिहीत: समोरचा अचानक आला, समोरचा अचानक थांबला, गाडी अचानक वळली. ‘अचानक’ दिसलं की कालिंदीबाई त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि माणसाला परत बोलावून घ्यायच्या.

राजरत्न त्याच रात्री आठला माफी मागायला आला. चौतिसाव्या वर्षीच त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पलीकडच्या गल्लीतल्या चाळीत राहायचा. सहा वर्षं तो हीच मुलं ने-आण करत होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रुपाली आतून बाहेर आली नाही. पूर्वी मात्र धावत आली आणि ओठ वर करून तिने तुटका दात दाखवला. वर्गात असा दात कोणाचाच नव्हता, त्यामुळे सोमवारी तिथे तिचा भाव वधारणार होता.

“वेग किती होता?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“चाळीस असेल, काकू.”

“असेल?”

“चाळीस.”

“फोन?”

“खणात होता. आईशप्पथ.”

“टॅक्सीच्या पुढे काय होतं?”

“काहीच नव्हतं.”

“मग टॅक्सी का थांबली?”

राजरत्नने चपलेचा अंगठा जमिनीवर घासला. “थांबली नाही. हळू झाली. अचानक.”

कालिंदीबाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं. उत्तर माहीत नसलेला माणूस लगेच ‘माहीत नाही’ म्हणतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हा थांबला होता.

शनिवारी सकाळी आठला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि खाली नाक्याकडे बघत बसल्या. आठ ते अकरा रस्ता तुंबलेला होता. बस, टेम्पो, दुचाक्या, मधूनच हातगाडी. हॉर्न, शिव्या, आरशाला आरसा. तीन तासांत वहीत एकही नोंद पडली नाही.

रुपाली चहा घेऊन आली. “झालं समाधान? एवढ्या गर्दीत कोणी ठोकत नाही, आणि हा रिकाम्या रस्त्यावर ठोकतो.”

“म्हणूनच ठोकतो,” कालिंदीबाई म्हणाल्या. “गर्दीत गाड्या घासतात, आदळत नाहीत. आदळायला वेग लागतो आणि वेगाला रिकामा रस्ता. माझ्याकडे यायचे ना दावे, त्यातले निम्मे दिवसाउजेडीचे असायचे. ओळखीचा रस्ता, घरापासून दहा मिनिटांवर. घाटातून सुखरूप आलेला माणूस स्वतःच्या गल्लीत खांबाला जाऊन भिडतो.”

“का?”

“घाटात तो रस्त्याकडे बघत असतो.”

साडेबाराला नाका रिकामा होऊ लागला आणि बारा छत्तीसला पहिला कर्रकन आवाज झाला. मग बारा एकावन्नला, मग एक चारला. दोन वाजेपर्यंत पाच वेळा करकचून ब्रेक लागले होते. पाचही वेळा एकाच ठिकाणी: सिग्नलवरून डावीकडे वळलं की तीस-चाळीस पावलांवर, झेब्रा पट्ट्यांच्या जरा अलीकडे. पुढची गाडी हळू व्हायची, मागची तिच्यावर जायची. पुढच्या गाडीसमोर मात्र काहीच नसायचं. ना माणूस, ना कुत्रा, ना खड्डा. कालिंदीबाई खुर्चीतून उठल्या, कठड्यावर वाकल्या. वरून गाड्यांची टपं दिसत होती, आतली माणसं नाहीत.

रविवारी सात वेळा. त्यांनी जेवण गॅलरीतच मागवलं. रुपालीने ताट दिलं, पण या वेळी तीही दोन मिनिटं कठड्याशी थांबली आणि तेवढ्यात खाली एक ब्रेक कर्रकन वाजला. “अगं बाई!” ती म्हणाली आणि मग राग आल्यासारखी आत गेली.

उन्हं कलल्यावर कालिंदीबाई खाली उतरल्या आणि डांबरावरच्या टायरच्या काळ्या खुणा पावलांनी मापू लागल्या. सगळ्या खुणा बारा पावलांच्या आत होत्या. बारा पावलं! एकतीस वर्षांत इतकं नेटकं प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं.

“काय गो कालिंदी, रस्तो मापतंस?” देवळाच्या पायरीवरून कुशाबांनी हाक मारली.

कुशाबा तावडे चौऱ्याहत्तर वर्षांचे, एके काळी गिरणीत विणकर. सातेरीच्या देवळाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. देऊळ म्हणजे माणूसभर उंचीची घुमटी. गिरणी चालू असताना मालवणकडच्या कामगारांनी गावची देवी इथे आणून बसवली, सिग्नलच्या अगदी तोंडाशी. गेल्या वर्षी तिथली चाळ टॉवरसाठी पडली, तेव्हा देवीला उचलून वळणापलीकडे नवी संगमरवरी घुमटी बांधून दिली गेली.

“इथे अपघात वाढलेत, कुशाबा.”

“वाढले असत, ता खरां. पण देवी हय असा म्हणान कोण मराक नाय.” त्यांनी मुखवट्यावरची धूळ फडक्याने टिपली. “ती हातार झेलता एकेकाक.”

सोमवारी मुलांना पालकच शाळेत सोडून आले. राजरत्नची व्हॅन त्याच्या चाळीखाली उभी होती, वाकलेल्या बंपरसकट. बारा वाजता कालिंदीबाई तिथे पोचल्या आणि थेट पुढचं दार उघडून राजरत्नशेजारी बसल्या.

“चल. शाळेपासून निघ. शुक्रवारी जसं चालवलंस तसंच चालव. वेग तोच, वेळ तीच.”

“काकू, कशाला...”

“पट्टा कुठे आहे याचा?”

बारा एकोणपन्नासला ते सिग्नलला पोचले. पुढे एक निळा टेम्पो होता. सिग्नल हिरवा झाला, टेम्पो डावीकडे वळला, मागून व्हॅन वळली. समोर रस्ता स्वच्छ पसरलेला. टेम्पोने वेग घेतला, राजरत्ननेही घेतला. वेगाचा काटा चाळीसवर आला. कालिंदीबाई टक लावून टेम्पोच्या मागच्या दिव्यांकडे बघत होत्या. आता! आता काय होतं ते बघायचं! डाव्या हाताला सातेरीचं लाल लुगडं झळकलं, मुखवट्यावर ऊन चमकलं...

ब्रेक लागला. पट्टा खांद्यात रुतला. कालिंदीबाईंनी डोळे उघडले, तेव्हा टेम्पोचं फळकूट काचेपासून हातभर अंतरावर होतं.

“काय झालं?” त्या ओरडल्या. “काय केलं त्याने?”

“हळू झाला.”

“का पण? पुढे काय आलं?”

राजरत्न त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काकू, तुमचा हात.”

त्यांचा उजवा हात छातीवर होता. आधी तो कपाळाला लागून आला असणार. डोळे त्यांनी उघडले होते, म्हणजे त्याआधी ते मिटलेले होते. अपघाताचं कारण शोधायला त्या गाडीत बसल्या होत्या आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

“टेम्पोवालापण?” त्यांनी विचारलं.

“टेम्पोवालापण. त्यांच्याच आरशात दिसतं मला त्यांचं तोंड. वळले की ॲक्सिलरेटरवरचा पाय वर येतो, हात कपाळाला जातो, मान डावीकडे. एक सेकंद, दीड सेकंद. मग गाडी परत उचलतात.”

कालिंदीबाई मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. त्यांच्या बारा पावलांपेक्षाही जास्त अंतर. तेवढं अंतर गाडी आंधळी जात होती. दुचाकीवाल्यांचे हात तर त्यांना वरून दिसतही होते दोन दिवस! पण साठ वर्षं जे बघतोय त्याची वहीत नोंद कोण करणार? कावळा उडाला तर कोणी लिहून ठेवतं का?

“आणि आधी?” त्या ताडकन म्हणाल्या. “आधी देवी सिग्नलला होती! लाल दिव्यावर उभं असताना नमस्कार व्हायचा!”

“अकरा महिने झाले, काकू. देऊळ हललं तेव्हापासून.”

“म्हणजे तुला माहीत होतं. आणि शुक्रवारी माझ्यासमोर चपला घासत उभा राहिलास!”

“काय बोलू?” राजरत्नने व्हॅन कडेला घेतली. “टॅक्सीवाला देवीच्या पाया पडत होता म्हणून माझी गाडी आदळली, असं ग्रुपवर लिहू? मी? राजरत्न गायकवाड? घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. पहिला मेसेज काय येईल सांगू? ‘याला आमची देवी खुपते.’ मग दात राहिला बाजूला, व्हॅन राहिली बाजूला. सहा वर्षं त्या पोरांच्या वाढदिवसाचे केक खाल्लेत मी. व्हॅन गेली तर दुसरं काहीतरी बघेन. पण ते ऐकून घ्यायला नको.”

कालिंदीबाईंनी आरशातून मागचं वळण पाहिलं. मग म्हणाल्या, “तरी तुझं चुकलंच.”

“माझं?”

“पुढचा माणूस इथे हात सोडणार हे अकरा महिने दिसतंय. मग अंतर का नाही ठेवलंस?”

राजरत्न हसला, पण बरं वाटून नव्हे. “उशीर झाला होता. रस्ता मोकळा दिसला. दाबली.”

“हां. आता रकाना भरला,” कालिंदीबाई म्हणाल्या आणि पट्टा सोडायला लागल्या.

मंगळवार देवीचा वार. बाराला त्यांनी कुशाबांना घुमटीसमोरच्या बसस्टॉपच्या बाकावर आणून बसवलं आणि हातात पेन्सिल दिली.

“मी गाड्या मोजते. तुम्ही हात मोजा.”

“हात? कसले हात?”

“बघा म्हणजे कळेल. तुम्ही इंचात धागे मोजायचात ना? मग चुकणार नाहीत तुम्ही.”

कुशाबा मोजण्याच्या बाबतीत अभिमानी होते. पहिली दहा मिनिटं ते नुसते खूश होते. “बघ, बघ, केवढी माणसां पाया पडतत माझ्या बायच्या!” एक डॉक्टरीणबाई, एक कुरियरवाला, एक भली मोठी काळी गाडी. रेघेवर रेघ पडत होती. मग एक स्कूटर वळली. तिच्यावरच्या माणसाच्या एका हातात वडापाव होता आणि दुसरा हात कपाळाकडे निघाला.

“अरे मेल्या!” कुशाबा उभे राहिले. “हँडल कोण धरतलो? देवी?”

स्कूटर डगमगली, सावरली. वडापाववाला वळून बघायला लागला आणि कुशाबांनी कपाळावर हात मारला. तो देवळाच्या मंडळाचा खजिनदार होता.

साडेबारानंतर रस्ता मोकळा होत गेला, तसा खेळ रंगत गेला. मोकळ्या रस्त्यावर हात तेवढेच होते, वेग दुप्पट. कर्रकन! “एक!” कालिंदीबाई म्हणायच्या. कर्रकन! “दोन!” नंतर त्यांना सांगावं लागेना, कुशाबाच दबल्या आवाजात आकडा उच्चारू लागले. कागदावर वाकलेली त्यांची मान आता वरच होती. मागावर एकाच वेळी चार तुटके धागे शोधणारे ते डोळे गाडी वळायच्या आधीच सांगत, “ह्यो हात जोडतलो. ह्यो नाय. ह्यो जोडतलो.”

बारा सत्तावन्नला भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी झेब्रा पट्ट्यांवर उतरली. सिग्नलवरून पांढरी गाडी वळली. आतल्या माणसाचा हात वर गेला, मान झुकली.

“ए!” कुशाबा किंचाळले. “ए, दोळे उघड! ए!”

गाडी म्हातारीच्या पिशवीला लागून थांबली. एक टोमॅटो निसटला आणि घरंगळत गटाराकडे गेला. म्हातारीने गाडीवाल्याला शिव्या घातल्या, मग घुमटीकडे वळून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “वाचवलंस गं बाई.” गाडीवाल्यानेही पुन्हा एकदा हात जोडले आणि तो निघून गेला.

कुशाबा खाली बसले. त्यांनी कागदावरच्या रेघा मोजल्या. एका तासात एकशे चौऱ्याऐंशी वाहनं गेली होती, एकशे सतरा हात. चौदा वेळा मागच्याला करकचून ब्रेक मारावा लागला आणि त्यातल्या तेरा वेळा पुढचा नमस्कार करत होता. कालिंदीबाईंनी त्यांना शुक्रवारच्या टॅक्सीचं आणि राजरत्नचं सगळं सांगितलं.

“भिंत झाली असा गो,” ते म्हणाले. “सिग्नलकडची. टॉवरवाल्यान कोनाडो ठेवलोहा बायसाठी. जूनपासून तयार असा.”

“मग नेलं का नाही परत?”

“हयसून ती लांबसून दिसता. माका बरां वाटायचां.” त्यांनी डोळे पुसले आणि एकदम उठले. “पण कौल लावल्याशिवाय हलवची नाय. गेल्या खेपेक घाई झाली, कौल लावूक नाय. आता ती चूक करूचंय नाय. आज सांजचो लावतंय.”

“आज सातला पालकांची सभा आहे.”

“बरां आसा. सगळी एका जागी गावतली.”

सातला घुमटीसमोर सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. पालक होते, आसपासच्या चाळींतले लोक होते, वडापाववाला खजिनदार होता. रुपाली पुढे उभी होती, हातात दुसऱ्या व्हॅनवाल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. राजरत्न रस्त्यापलीकडे आपल्या व्हॅनला टेकून उभा होता. कोणी त्याला या म्हटलं नव्हतं.

“आधी देवीचां, मगे तुमचां,” कुशाबांनी जाहीर केलं आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

कौल म्हणजे देवीला विचारणं. कुशाबांनी मूर्ती पाण्याने ओली केली आणि फुलाच्या दोन पाकळ्या तिच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग ते समोर उभे राहिले, हात जोडले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गिरणीच्या भोंग्यावर मात करणारा तो आवाज अजून तसाच होता.

“बाय सातेरी माये! आज तुझ्या वाराक तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत!”

“व्हय म्हाराजा!” जमावाने साथ दिली. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ती द्यायचीच असते, शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या सगळ्यांना ती येते.

“गिरणी गेली, चाळ गेली, तू ऱ्हवलंस!”

“व्हय म्हाराजा!”

“गेल्या वरसा आमी तुका उचलून हय आणली. तुका इचारूक नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“आता गाडयेवाले तुका बघतत आणि धावत्या गाडयेत हात जोडतत, दोळे मिटतत! एका तासात एकशे सतरा! मी सोता मोजलंय!”

“व्हय म्हाराजा!” आवाज जरा डळमळला. काही जण एकमेकांकडे बघू लागले. खजिनदाराने मान खाली घातली.

“शुक्रवारी टॅक्सीवाल्याचो हात असोच सुटलो, आणि मागसून राजरत्नाची गाडी आपटली! तो फोनार नव्हतो! तो रील बघत नव्हतो! चूक आमची, तुझी जागा बदलली त्येंची!”

“व्हय म्हाराजा!”

ऐंशी गळ्यांतून ते एका दमात निघालं, सवयीने, पूर्ण आवाजात. रुपालीच्याही गळ्यातून निघालं. आपण काय कबूल केलं हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं. रुपालीचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिने सासूकडे पाहिलं. कालिंदीबाई घुमटीकडे बघत होत्या.

“कुशाबा, हे काय मध्येच...” मागून कोणीतरी म्हणालं.

“गाऱ्हाण्यात मधी बोलाचां नसता!” कुशाबा वळले नाहीत. “बाय माये, तुका परत तुझ्या जाग्यार न्हेवची असा. तुका मान्य आसात तर उजवो कौल दी! नसात तर डावो दी! पण आज दी!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे पुढे सरकले. पाकळ्या हलेनात. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाठीमागे रस्त्यावर गाड्या वळत होत्या. आता मात्र प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला अख्खा जमाव दचकून मागे बघत होता आणि परत पाकळ्यांकडे वळत होता. डावी पाकळी कडेने सुटली. एक बाई “नको गं” म्हणाली. डावीतून पाण्याचा एक थेंब ओघळला, पण ती तशीच लटकत राहिली. कुशाबांचे ओठ हलत होते. कालिंदीबाईंनी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं होतं. उजवी पाकळी किंचित घसरली, दंडाशी अडली, तिथे क्षणभर उभी राहिली आणि टपकन देवीच्या पायाशी पडली.

जो आवाज उठला, त्याने समोरच्या चाळीच्या खिडक्या उघडल्या. कोणी घंटा बडवायला लागलं. कुशाबा मटकन पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हसू लागले. खजिनदार उद्याच गवंडी आणतो म्हणून ओरडत होता. त्या गोंधळात रुपाली गर्दीतून वाट काढत रस्त्याच्या कडेला आली. मागून पालकही आले.

“राजरत्नदादा, इकडे या,” तिने हाक मारली. तो रस्ता ओलांडून आला. “हे खरं आहे?”

“हो.”

“मग चार दिवस आम्ही तुम्हाला काय काय बोललो, तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“अगं, तो कसा सांगणार...” कालिंदीबाई पुढे झाल्या.

“काकू, थांबा. मी बोलतो.” राजरत्नने घसा साफ केला. “त्याचा हात सुटला, ते कुशाबांनी सांगितलं. मी सांगितलं असतं तर तुम्ही ते असं ऐकलं असतं का, ते तुमचं तुम्ही बघा. पण अंतर मी ठेवलं नव्हतं, ती माझी चूक. देवी हलली तरी ती माझीच राहणार. मला उशीर झाला होता, म्हणून रिकामा रस्ता दिसताच दाबली.”

“उशीर का झाला होता?” एका पालकाने विचारलं.

“तेही सांगतो. शुक्रवारी चार जिन्यांखाली मिळून अकरा मिनिटं थांबलो. पोरं घ्यायला खाली कोणी नाही. हॉर्न वाजवला की वरून आवाज येतो, ‘दोन मिनिटं हां दादा.’ एकला मला दुपारची मुलं उचलायची असतात. ती अकरा मिनिटं मी कुठून आणू?”

दोघांनी खिशातून फोन काढले आणि परत ठेवले. “दोन मिनिटं हां दादा” हे रुपालीचं रोजचं वाक्य होतं आणि ते पूर्वीने शेजारी उभं राहून तुटक्या दातातून हुबेहूब म्हणून दाखवलं. तेव्हा आधी एक जण हसला, मग सगळेच. रुपालीच्या कानापर्यंत लाली चढली.

“मी आता तो उशीर भरून काढणार नाही,” हसणं थांबल्यावर राजरत्न म्हणाला. “दोन मिनिटं थांबेन. कोणी आलं नाही तर मूल गाडीतच ठेवेन, सगळ्यात शेवटी आणून सोडेन. पटत असेल तर उद्या येतो. नसेल तर तुमच्याकडे नंबर आहेच दुसऱ्याचा.”

रुपालीने हातातली चिठ्ठी पाहिली, घडी केली आणि मुठीत दाबली.

“आमच्याकडे बारा चाळीसला यायचात तुम्ही,” ती म्हणाली.

“आता पावणेएकला येईन.”

“पाच मिनिटं उशिरा?”

“हो, ताई. पाच मिनिटं उशिरा.”

“या,” रुपाली म्हणाली. “मी खाली असेन.”